यरुशलेमच्या वाटेवरचे राजे

सिकंदर बायबलात आहे का? हिब्रू बायबलात, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात, त्याचे नाव कुठेच नाही. दानीएलाच्या पुस्तकात पश्चिमेकडून धावत येणारा एक बकरा आहे, डोळ्यांच्या मधोमध एकच मोठे शिंग असलेला. हा ग्रीसचा राजा, असा खुलासाही तिथेच आहे, आणि ते शिंग ऐन भरात असताना मोडते. ज्याने त्याने काय ते ओळखावे! मक्काबींचे पहिले पुस्तक मात्र सिकंदराचे नाव घेऊनच सुरू होते. ते कॅथलिकांच्या बायबलात आहे, प्रोटेस्टंटांच्या नाही. ज्युलियस सीझर, त्याची क्लिओपात्रा आणि बॅबिलोनचा कायदे देणारा राजा हम्मुराबी हे तर दोन्हीकडे गैरहजर.

याउलट असिरियाचे, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याचे, राजे एकामागून एक भेटतात: तिग्लथ-पिलेसर, शल्मनेसर, सार्गोन, सन्हेरीब, एसर-हद्दोन. यरुशलेम ही राजधानी असलेले यहूदा हे डोंगराळ, चिमुकले राज्य. एका बाजूला इजिप्त, दुसऱ्या बाजूला मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकच्या भागातली साम्राज्ये. ज्याची फौज चालून आली किंवा ज्याला खंडणी मोजावी लागली, त्याचे नाव लिहिले गेले. जगात त्याची कीर्ती किती, याच्याशी लिहिणाऱ्यांना कर्तव्य नव्हते.

यातला सर्वांत तपासून पाहता येण्याजोगा राजा म्हणजे सन्हेरीब. इ.स.पू. ७०१ मध्ये तो यहूदावर चालून आला. हे साल कसे ठरले, हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. असिरियात प्रत्येक वर्षाला एकेका अधिकाऱ्याचे नाव देत आणि त्यांच्या ओळीने याद्या ठेवत. बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे सूर्यग्रहणाची नोंद आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या गणितानुसार ते ग्रहण इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचे. हा एक खुंटा पक्का झाला की पुढची वर्षे यादीतून नुसती मोजत जायची.

स्वारीची हकिगत सन्हेरीबाने भाजलेल्या मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर कोरून ठेवली. ४६ तटबंदीची शहरे घेतली आणि यहूदाच्या हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे तो सांगतो. खंडणीत ३० टॅलेंट, म्हणजे साधारण ९०० किलो सोने मिळाल्याचेही लिहितो. बायबलातही सोन्याचा आकडा ३० च आहे! चांदीचा मात्र जुळत नाही: बायबलात ३००, सन्हेरीबाकडे ८००. वसूल करणारा आकडा फुगवतो की देणारा कमी सांगतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. यहूदातल्या लाखीश शहराच्या वेढ्याची शिल्पे असिरियाची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात सापडली, आणि खुद्द लाखीशच्या टेकडीवर तटाला भिडवलेला दगडांचा उतार आणि लोखंडी बाणाग्रे.

शेवट मात्र दोघांचा वेगळा. बायबल म्हणते, देवदूताने एका रात्रीत असिरियाचे १,८५,००० सैनिक मारले. सन्हेरीब त्याबद्दल अक्षर काढत नाही; पण यरुशलेम घेतले, असेही कुठे म्हणत नाही. एवढ्या बढाईखोर राजाचे हे मौन मला त्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा बोलके वाटते. बायबलात पुढच्याच ओळींत मुले त्याचा खून करतात. खून खरा, पण तो इ.स.पू. ६८१ मधला, म्हणजे स्वारीनंतर २० वर्षांनी.

हिज्कीयाने शहरात पाणी आणले, असाही उल्लेख बायबलात आहे. यरुशलेमच्या पोटात ५३३ मीटरचा नागमोडी बोगदा आजही आहे आणि त्यातून पाणी वाहते. दोन टोकांकडून खणत आलेल्या मजुरांना एकमेकांचे आवाज ऐकू आले, असे १८८० मध्ये तिथे सापडलेला लेख सांगतो. राजाचे नाव त्यात नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोगद्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांचे कार्बन-१४ ने आणि छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांचे युरेनियम-थोरियम पद्धतीने वय काढले. उत्तर इ.स.पू. ७०० च्या आसपासचे आले. काही पुरातत्त्वज्ञ मात्र बोगदा त्याहून जुना मानतात.

बॅबिलोनच्या बेलशस्सराची गंमत निराळी. त्याचे नाव एकेकाळी फक्त बायबलाच्या परंपरेतच उरले होते, म्हणून तो काल्पनिक आहे अशी शंका घेतली जाई. १८५४ मध्ये ऊर इथे मातीच्या नळकांड्यांवर त्याचे नाव सापडले. पण तिथे तो राजा नसून नबोनिदस राजाचा थोरला मुलगा आहे. दानीएलाने त्याला राजा केले आणि बाप म्हणून बॅबिलोनचा आधीचा राजा नबुखद्नेस्सर दिला. माणूस खरा, नातेसंबंध चुकलेले.

इराणच्या कोरेशाला, म्हणजे सायरसला, बायबलातला संदेष्टा यशया चक्क देवाचा अभिषिक्त म्हणतो. १८७९ मध्ये सापडलेला आणि २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेला त्याचा मातीचा दंडगोल बॅबिलोन जिंकल्याचे यश देतो ते बॅबिलोनच्या मर्दुक देवाला. यरुशलेमचे नावही त्यात नाही.

एस्तेरच्या पुस्तकातला अहश्वेरोश हिंदुस्थानापासून इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करतो. अभ्यासक त्याला इराणचा राजा झर्क्सीस मानतात. झर्क्सीसच्या स्वतःच्या शिलालेखातल्या देशांच्या यादीत ‘हिदुश’, म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, खरोखरच आहे. प्रांत ग्रीक इतिहासकार हेरोडोटस २० च सांगतो, तेही झर्क्सीसच्या बापाच्या काळातले. आणि राणीचे नाव तो एस्तेर नव्हे, अमेस्त्रिस देतो.