परसातल्या कोई तळ्यामागची भातखाचरं

परसात कोई माशांचं तळं करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखाद्या जुन्या जपानी मंदिराची बाग येते. शेवाळलेले दगड, लाकडी पूल आणि पाण्यात संथ फिरणारे लाल-पांढरे मासे. यातली बाग खरोखरच जुनी आहे. बागेच्या रचनेवरचा ‘साकुतेइकी’ हा जपानी ग्रंथ अकराव्या शतकातला मानला जातो आणि तळी, बेटं, ओहोळ कसे मांडावेत याची त्यात बारकाईने चर्चा आहे. रंगीत कोई, म्हणजे कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाचा रंगीत प्रकार, मात्र जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. तो मंदिरात जन्मला नाही आणि सरदारांच्या वाड्यातही नाही. डोंगरातल्या भातशेतकऱ्यांनी तो घडवला. माझ्या मते तळं खणण्याआधी हा इतिहास कळायला हवा. खोली किती, फिल्टर कशाला, थंडीत खाणं का थांबवायचं, हे जे नियम आज पाठ केले जातात, त्यांचं कारण त्या डोंगरी तळ्यांत सापडतं.

जपानच्या निइगाता प्रांतात यामाकोशी आणि ओजिया हा डोंगराळ भाग आहे. हिवाळ्यात इथे तीन-चार मीटर बर्फ साचतं आणि पूर्वी गावांचा एकमेकांशी संपर्क तुटायचा. उतारावर टप्प्याटप्प्यांची भातखाचरं आणि त्यांच्या वरच्या अंगाला वितळलेल्या बर्फाचं पाणी धरून ठेवणारी छोटी तळी, अशी इथली शेती. याच तळ्यांत शेतकरी काळसर रंगाचे कार्प मासे सोडत. हेतू साधा होता, खाण्यासाठी मासे मिळावेत. हिवाळ्यात पुढच्या विणीसाठी मोजके मासे घरालगतच्या टाक्यांत जपून ठेवले जात. दरवर्षी त्याच थोड्या माशांपासून पैदास व्हायची, बाहेरचं रक्त फारसं मिसळायचं नाही. अशा बंदिस्त पैदाशीत दडलेले गुण वर येतात. साधारण १८०४ ते १८३०च्या दरम्यान काही माशांच्या अंगावर लाल आणि पांढरे डाग दिसू लागले. शेतकऱ्यांनी ते मासे खाल्ले नाहीत, बाजूला ठेवले आणि पुन्हा एकमेकांत वाढवले. कोईचा सगळा इतिहास या निर्णयापासून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या अंगावर लाल नक्षी असलेला ‘कोहाकू’ स्थिरावला. तरीही डोंगराबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९१४ साली तोक्योमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्यात निइगाताच्या गावकऱ्यांनी आपले मासे नेऊन मांडले. काही मासे युवराजांना, म्हणजे पुढच्या सम्राट हिरोहितोंना, भेट देण्यात आले आणि देशभर मागणी सुरू झाली. राजवाड्यातून हा मासा खाली झिरपला असं अनेकांना वाटतं, पण प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला.

कोहाकूनंतर आणखी जाती आल्या. १९०४मध्ये जर्मनीतून मोजक्या मोठ्या खवल्यांचा कार्प आणला गेला, तोही खाण्यासाठीच. त्याचा निळसर ‘आसागी’शी संकर होऊन ‘शूसुई’ तयार झाला. लाल-पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला ‘तैशो सान्के’ आणि काळ्या अंगाचा ‘शोवा’ ही त्या त्या सम्राटांच्या कारकिर्दीची नावं आहेत. पण मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ‘ओगोन’ या सोनेरी जातीची गोष्ट. यामाकोशीतल्या सावाता आओकी यांना १९२१च्या सुमारास पाठीवर सोनेरी पट्टा असलेला एक कार्प मिळाला. तेवढ्या पट्ट्यावरून ते आणि त्यांचा मुलगा पिढ्यामागून पिढ्या निवड करत राहिले. पूर्ण सोनेरी मासा हाती यायला साधारण पंचवीस वर्षं गेली, मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं.

ही निवड कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक मोठी मादी एका विणीत लाखो अंडी घालते. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की पांढऱ्या पसरट भांड्यात थोडी थोडी घेऊन एकेक पाहिलं जातं. वाकडा कणा, तोंडात दोष, फिकट रंग असलेली काढली जातात. एकाच उन्हाळ्यात ही चाळणी अनेकदा होते आणि शेवटी अगदी थोडी उरतात. परीक्षा नेहमी वरून होते, कारण हा मासा तळ्यात, माणसाच्या पायांशी वाढला. त्याची नक्षी पाठीसाठी घडवलेली आहे. म्हणून काचेच्या टाकीत बाजूने पाहिला तर कोई निम्मा हरवतो, आणि म्हणूनच तळ्याचं अस्तर गडद रंगाचं घेतात. त्यावर पांढरा आणि लाल उठून दिसतो.

डोंगरातल्या मातीच्या तळ्याचं वर्षही ठरलेलं असतं. शरद ऋतूत मासे जाळ्याने काढून तळं रिकामं करतात, तळ सुकू देतात. वसंतात त्यात चुना आणि खत घालून पाणी भरतात. काही दिवसांत पाण्यात सूक्ष्म जीव माजतात आणि तेच पिल्लांचं पहिलं अन्न. प्रचंड पाण्यात मोजके मासे, तळाला जिवंत चिखल, वरून झिरपणारं ताजं पाणी. घाण साचते कुठे, असा प्रश्नच तिथे पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून मासे विमानाने पाठवता येऊ लागले आणि कोई जगभरच्या परसांत पोचला. मासा पोचला, पण त्याचं तळं मागे राहिलं. सिमेंटच्या हौदात किंवा रबरी अस्तराच्या खड्ड्यात चिखल नाही, झिरा नाही, आणि मासे मात्र दाटीने. सुरुवातीच्या हौशी लोकांची तळी हिरवी पडत आणि मासे कारण न कळता मरत.

कारण विज्ञानाला आधीच ठाऊक होतं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिलं होतं. डोंगरातल्या तळ्यात हे काम चिखल करत होता. परसात ते फिल्टरला करावं लागतं. आधी गाळ बसवणारा कप्पा, मग ब्रश, जाळीदार चटया किंवा प्लास्टिकचे छोटे तुकडे भरलेला कप्पा, ज्यांच्या पृष्ठभागावर हे जिवाणू घर करतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो, म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा. नव्या तळ्यात त्यांची वस्ती जमायला उबदार पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चार मासे, थोडं खाणं आणि अमोनिया-नायट्राइटची वरचेवर तपासणी. फिल्टरच्या चटया क्लोरीनच्या नळाखाली चकाचक धुणं म्हणजे ती वस्तीच मारणं. त्या तळ्यातल्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळाव्यात.

तळाच्या मध्यभागी निचऱ्याचं तोंड ठेवण्याची पद्धत रुळली तेव्हा परसातलं तळं खऱ्या अर्थाने बदललं. विष्ठा आणि कुजकी पानं जड असल्याने खाली बसतात, ती तिथूनच ओढून घेतली की फिल्टरवरचा भार उतरतो. हे तोंड नंतर बसवणं फार जिकिरीचं, ते खणतानाच ठरवावं. कमळांच्या हौसेचाही इथेच विचार करायला हवा. कोई मुळं उकरतो, कुंड्यांतली माती ढवळतो. कमळाचं उथळ शांत तळं आणि कोईचं खोल वाहतं तळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच खड्ड्यात दोन्ही बसवायच्या प्रयत्नात सहसा दोन्ही बिघडतात. वनस्पती हव्याच असतील तर त्यांना शेजारी वेगळा कप्पा द्यावा.

खोली निदान सव्वा ते दीड मीटर आणि प्रत्येक मोठ्या माशामागे साधारण हजार लिटर पाणी, हा ढोबळ हिशेबही डोंगराकडेच बोट दाखवतो. खोल पाण्याचं तापमान झपाट्याने बदलत नाही. पाणी दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माशाचं पचन मंदावतं, तेव्हा खाणं बंद. कार्पला जठर नसतं, त्यामुळे उबदार दिवसांतही एकदाच भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा देणं बरं.

हे सगळं किती नाजूक आहे ते २३ ऑक्टोबर २००४ला दिसलं. चुएत्सू भूकंपाने यामाकोशीतली खाचरं आणि तळी दरडींखाली गेली, गाव रिकामं करावं लागलं. वीज गेली, पंप थांबले आणि टाक्यांमध्ये हलवलेले असंख्य मासे प्राणवायूअभावी मेले. काही निवडक जनक मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले आणि त्यांच्यावर पुढची पैदास उभी राहिली. परसातल्या छोट्या तळ्यालाही बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लागतो तो याच कारणाने. २०१७मध्ये जपानने त्या भागातली बर्फाच्या पाण्यावरची भातशेती आणि कोईपालन यांना राष्ट्रीय कृषी वारशाचा दर्जा दिला.

माशांच्या जगभरच्या प्रवासाची किंमतही मोजावी लागली. १९९८मध्ये इस्राएलमध्ये कोई हर्पीस विषाणूची पहिली मोठी साथ नोंदली गेली, आणि २००३मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात पाळलेले कार्प मोठ्या संख्येने मेले. कल्ले सडतात, डोळे आत जातात आणि लागण झालेल्या तळ्यातले बहुतेक मासे जातात. उपाय नाही. पाणी साधारण १६ ते २८ अंशांत असताना हा रोग उसळतो, त्यामुळे थंड पाण्यात धडधाकट दिसणारा मासाही तो घेऊन आलेला असू शकतो. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत, उबदार पाण्यात, वेगळ्या जाळ्यासह ठेवायचा आणि मगच तळ्यात सोडायचा. नको झालेला कोई नदीत किंवा तलावात तर कधीच सोडू नये. तो तिथे तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि अंगावरचा रोग स्थानिक माशांपर्यंत नेतो.