ज्युए आणि ज्यांग : हट्टीपणाची दोन चिनी अक्षरे

चिनी भाषा शिकताना 'हट्टी' या अर्थाच्या दोन अक्षरांत हमखास गल्लत होते. त्यांतले एक ज्युए आणि दुसरे ज्यांग. (दोन्हींतला 'ज' हा 'जीव'मधल्या 'ज'च्या जवळचा आहे, 'जाळे'मधल्या नव्हे.) शब्दकोशात दोन्हींचे अर्थ जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे फरक वापरातच शोधावा लागतो.

ज्यांगला समोर कोणीतरी लागते. ते विशेषण म्हणून येते, तसेच बोलीत क्रियापद म्हणूनही येते. सांगूनही न ऐकणाऱ्या मुलाला आई 'ब्ये ज्यांग ल' म्हणते, म्हणजे 'आता हेका सोड'. आणि मोठ्यांना उलट उत्तर देण्याला 'ज्यांग त्स्वेई' म्हणतात, ज्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ तोंड असा आहे. ज्युए मात्र माणसाचा पिंड सांगते. 'ज्युए लाओथौ' म्हणजे सरळ पण तुसडा म्हातारा. तो कोणाशी वाद घालत नसला, तरी ज्युएच राहतो.

घडणीत दोन्ही अक्षरे मुळीच सारखी नाहीत. ज्यांगमध्ये वर 'बळकट' या अर्थाचे अक्षर असून खाली बैल आहे. ज्युएच्या डाव्या बाजूला माणसाची खूण आणि उजवीकडे 'वाकणे' या अर्थाचे अक्षर आहे. त्यावरून 'न वाकणारा माणूस' असा अर्थ लावण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा, कारण उजवा भाग मुख्यतः उच्चार सुचवण्यासाठी आहे. 'खणणे' या अर्थाच्या दुसऱ्या एका ज्युए अक्षरातही तोच भाग हाताच्या खुणेशेजारी येतो.

गोंधळाचे खरे मूळ 'ज्युएज्यांग' या जोडशब्दात आहे. चिनीत अक्षर म्हणताना आवाजाचा जो ठरावीक चढउतार असतो, त्याला स्वर म्हणतात. एकटे ज्युए चौथ्या, म्हणजे उतरत्या स्वरात म्हटले जाते, तर या शब्दात ते दुसऱ्या, चढत्या स्वरात जाते. शिवाय यातले ज्यांग कानाला खाली बैल असलेल्या ज्यांगसारखेच लागते, तरी प्रमाण लेखनात तिथे बैल नसलेले, 'बळकट' या अर्थाचे अक्षरच लिहितात. तेच अक्षर एरवी 'छ्यांग' असे वाचले जाते, त्यामुळे वाचताना पुष्कळजण इथेच अडखळतात. या जोडशब्दात कौतुकाची छटाही असू शकते: संकटांपुढे हार न मानणाऱ्या मुलीला लेखक ज्युएज्यांग म्हणतो, तेव्हा तो तिला दोष देत नसतो. सुट्या ज्यांगमध्ये मात्र बहुधा तक्रारच असते.