‘स्पाइट’ची भिंत

खुन्नस, आकस, डूख. इंग्रजीतल्या ‘स्पाइट’ला मराठीत शब्द कमी नाहीत, पण त्यातला खास क्षुद्रपणा पकडते ती म्हणच: नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. समोरच्याला त्रास झाला पाहिजे, मग स्वतःचं काही का होईना. स्वतःच्याच चेहऱ्यावर राग काढायला नाक कापण्याची इंग्रजी म्हणही याच शब्दावर बेतलेली आहे.

शब्दाचं मूळ मात्र बड्या लोकांच्या तोऱ्यात आहे. लॅटिनमध्ये वरून खाली पाहणं, म्हणजे तुच्छ लेखणं, हा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘डिस्पाइट’ म्हणून आला आणि सुरुवातीचं अक्षर झडून ‘स्पाइट’ उरला. ‘इन स्पाइट ऑफ’ म्हणजे आधी ‘अमक्याला न जुमानता’. नंतर त्यातली गुर्मी गेली आणि नुसतं ‘असं असूनही’ राहिलं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा शब्द थेट बांधकामाला चिकटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर रेल्वेसम्राट चार्ल्स क्रॉकरने चार रस्त्यांमधला अख्खा भूखंड विकत घ्यायला काढला. अंत्यविधीचा व्यवसाय करणारा निकोलस युंग तेवढा आपलं घर विकेना. क्रॉकरने 1870च्या दशकात त्याच्या घराला तीन बाजूंनी सुमारे 40 फूट उंच कुंपण घातलं. ऊन, वारा, देखावा सगळं बंद. अशा कुंपणाला ‘स्पाइट फेन्स’ म्हणतात. युंग गेला, क्रॉकर गेला, तरी कुंपण उभंच होतं! युंगच्या वारसांनी जमिनीचा सौदा केला तो 1904मध्ये.

कायद्यापुढे पेच असा, की आपल्या जागेत भिंत बांधायला कोणाची आडकाठी? मॅसॅच्युसेट्सने 1887मध्ये द्वेषापोटी बांधलेल्या, सहा फुटांहून उंच कुंपणांविरुद्ध कायदा केला. 1889मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी तो उचलून धरला, पण एक बारकावा ठेवून: शेजारी चडफडतो म्हणून मालकाला मनातून गुदगुल्या होतात, एवढ्यावर तो दोषी नाही. तो द्वेष नसता तर कुंपण उभंच राहिलं नसतं, हे दिसायला हवं. कुठल्याही शब्दकोशापेक्षा ही व्याख्या मला नेमकी वाटते.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मात्र 1895च्या ब्रॅडफर्ड शहराच्या खटल्यात उलटी वाट धरली. आपल्या जमिनीखालचं पाणी अडवून पालिकेची कोंडी करणाऱ्या पिकल्सचा हेतू काहीही असो, हक्कातलं कृत्य हेतूमुळे बेकायदा ठरत नाही.