‘काउंट’ किती? : सोलापुरातल्या एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात सुताच्या दुकानात ‘काउंट किती?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘वीस’. मागावर उभे धागे वेगळे ठेवणारी फणी बनवणाऱ्या फणीवाल्याला हाच प्रश्न केला तर तो सांगतो ‘अठ्ठेचाळीस’. आणि डेंग्यूच्या दिवसांत पॅथॉलॉजी लॅबबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून ऐकू येतं, ‘सव्वा लाखावर आलाय’. पहिल्या ठिकाणी लांबी मोजलेली असते, दुसऱ्या ठिकाणी फटी आणि तिसऱ्या ठिकाणी पेशी. आकड्यापाठोपाठ ‘कशात?’ हे विचारलं नाही तर काउंट निरर्थक असतो, आणि कापडाच्या धंद्यात तर त्यापायी थेट नुकसान होतं.

हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन ‘कॉम्पुतारे’वरून. अर्थ हिशेब करणे. कॉम्प्युटर, अकाउंट, डिस्काउंट ही सगळी याच घराण्यातली मंडळी. दुकानातलं काउंटर म्हणजे मुळात पैसे मोजायचं टेबल. युरोपातल्या सरदाराची ‘काउंट’ ही पदवी मात्र वेगळ्या मुळाची. ती लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे सोबती, राजाचा सहचर, या शब्दातून आली आणि ‘काउंटी’ हा शब्दही तिथलाच. इंग्रजी कायद्यात आरोपपत्रातल्या प्रत्येक स्वतंत्र आरोपाला काउंट म्हणतात. मुष्टियुद्धात पडलेल्या खेळाडूवर दहापर्यंत काउंट होतो. आपल्याकडे मतदानानंतरचं काउंटिंग, सहलीच्या बसमधला हेड काउंट आणि ‘त्याला कोण काउंट करतंय’ हे रोजच्या बोलण्यातले वापर. या सगळ्यांत मोजणी सरळ आहे. सुताचा काउंट तसा नाही, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

कापसाच्या सुताची जाडी पट्टीने मोजता येत नाही. धागा दाबला की चपटा होतो, पीळ कमीजास्त असतो. म्हणून इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांत जाडीऐवजी वजन आणि लांबी यांचा मेळ घातला गेला. ८४० यार्डांची एक हँक, म्हणजे लडी, धरायची आणि अशा किती हँका एका पौंडात बसतात ते मोजायचं. वीस बसल्या तर सूत २० काउंटचं, चाळीस बसल्या तर ४० चं. साहजिकच आकडा वाढतो तसं सूत बारीक होत जातं. इंग्रजीत २० च्या पुढे जो ‘एस’ लिहितात तो केवळ अनेकवचनाचा. आपल्याकडे तो बोलण्यातून गळला आणि ‘वीस नंबर’ राहिला.

८४० हा विचित्र आकडा गुंडाळायच्या चाकातून येतो. रॅप रीलचा घेर दीड यार्ड, म्हणजे ५४ इंच. त्यावर ८० फेरे घेतले की १२० यार्ड होतात. ती एक ली. अशा सात ली मिळून एक हँक. ही पद्धत फक्त कापसाची. लोकरीच्या वर्स्टेड सुताची हँक ५६० यार्डांची आणि लिननची ली ३०० यार्डांची असते. त्यामुळे कापसाचा २० आणि लिननचा २० यांत काहीच साम्य नाही.

हे गणित रोजच्या कामात फार सोपं होतं. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. ली हँकेचा सातवा भाग असल्याने १,००० ला लीच्या ग्रेनमधल्या वजनाने भागलं की काउंट निघतो. ग्रॅममध्ये काम करायचं तर ६४.८ ला भागायचं. १२० यार्डांची ली ३.२४ ग्रॅम भरली तर सूत २० चं, ६.४८ भरली तर १० चं. म्हणजे रॅप रील आणि दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा काटा एवढ्या सामानावर कोणताही कारखानदार आलेला माल स्वतः तपासू शकतो. मात्र एका कोनावरून (सूत गुंडाळलेल्या शंकूवरून) निकाल काढू नये. वेगवेगळ्या पोत्यांतले निदान दहा कोन घ्यावेत, प्रत्येकाची ली स्वतंत्र तोलावी आणि सरासरीबरोबर आकड्यांचा पसाराही पाहावा. सरासरी २० येऊनही एक कोन ३.४१ ग्रॅमचा (१९ काउंट) आणि दुसरा ३.०९ ग्रॅमचा (२१ काउंट) असू शकतो. असे कोन बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, एकापाठोपाठ लागले की टॉवेलवर आडवे पट्टे उठतात, आणि रंगाईनंतर ते जास्तच ठळक दिसतात.

सोलापूरशी या आकड्याचं नातं जुनं आहे. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे लोकांची ‘जुनी मिल’, १८७७ मध्ये सुरू झाली. आपल्या भागातला कापूस आखूड धाग्याचा. त्याच्यापासून बारीक सूत काढायला गेलं तर ते तुटतं, म्हणून अशा कापसावर चालणाऱ्या गिरण्यांचा भर जाड सुतावर असे. १८९४ मध्ये सरकारने विलायती सूत आणि कापडावर ५ टक्के आयात कर बसवला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचं समाधान व्हावं म्हणून देशी गिरण्यांच्या २० काउंटवरच्या सुतावरही तेवढाच अबकारी कर लावला. विलायती मालाशी खरी स्पर्धा २० च्या वरच आहे, हा त्यामागचा हिशेब. लँकेशायरला तेही पुरेसं वाटलं नाही. जाड कापड करमुक्त राहतं आणि ते आमच्या मालाची जागा घेतं, अशी तक्रार झाली. १८९६ मध्ये सूत दोन्ही बाजूंनी करमुक्त करून आयात कापडावर आणि देशी गिरण्यांच्या सरसकट सगळ्या कापडावर साडेतीन टक्के कर ठेवला गेला. जाड कापड विणणाऱ्या देशी गिरण्या त्यामुळे प्रथमच या कराच्या कक्षेत आल्या. कापडावरचा हा अबकारी कर १९२५ च्या डिसेंबरात थांबला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. सुताचा काउंट ही त्या काळात दोन देशांमधल्या भांडणाची सीमारेषा होती, हे आज सुताचं पोतं उघडताना कोणाच्या डोक्यात येत नाही. ते यायला हवं, कारण या शहराची भरभराट आणि ओढाताण दोन्ही त्या आकड्याभोवती फिरली आहे.

खादीच्या कामात याच कल्पनेला ‘अंक’ हा सुटसुटीत शब्द मिळाला. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. गुंडीची लांबी होते सुमारे ८५३ यार्ड, म्हणजे गिरणीच्या हँकेच्या अगदी जवळ. घरच्या घरी फाळक्यावर मोजता यावं आणि आकडा गिरणीच्या काउंटशी ताडूनही पाहता यावा, अशी ती सोय होती.

आता जिथे चुका होतात तो भाग. पहिली चूक दुहेरी सुताची. २/२० म्हणजे वीसचे दोन पदर एकत्र पिळलेले. त्याचा प्रत्यक्ष काउंट १०, आणि पिळामुळे लांबी थोडी आटत असल्याने दहापेक्षाही किंचित कमी. उदाहरणादाखल ६० बाय ९० इंचांची चादर घेऊ. इंचाला ४८ ताणे (उभे धागे) धरले तर एकूण ताणे २,८८०. प्रत्येक अडीच यार्ड, म्हणजे ७,२०० यार्ड सूत. २/२० चं एक पौंड ८,४०० यार्ड भरतं, म्हणून ताण्याला सुमारे ३८९ ग्रॅम सूत लागेल. विणताना धागा वळणं घेतो आणि थोडं वायाही जातं, ते वेगळं धरायचं. त्याच जागी २/१८ चं सूत आलं तर ४३२ ग्रॅम लागेल. चादरीमागे ४३ ग्रॅमचा फरक, शंभर चादरींमागे ४.३ किलोचा. ऑर्डर नगावर घेतलेली असते आणि सूत किलोवर आणलेलं, त्यामुळे हा फरक पूर्णपणे विणणाऱ्याच्या अंगावर पडतो. दोन पदर वेगवेगळ्या काउंटचे असतील तर त्यांचा गुणाकार करून बेरजेने भागायचं. २० आणि ३० चे पदर मिळून १२ होतात, २५ नव्हे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. कोरड्या कापसाच्या १०० भागांमागे साडेआठ भाग पाणी धरायचं, असा कापसाचा व्यापारी दंडक आहे. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो हे सांगायला नको. त्या हवेत उघडं राहिलेलं सूत हे पाणी सोडतं. ओलावा साडेआठवरून साडेचारवर आला तर वजन ३.७ टक्क्यांनी घटतं, आणि २० चं सूत काट्यावर २०.८ चं भासतं. पावसाळ्यात नेमकं उलटं: सूत जड होतं आणि काउंट खाली आलेला दिसतो. भांडण लागण्याआधी नमुना प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, ठेवून मगच तोलला पाहिजे. आपल्यासारख्या उष्ण देशात त्यासाठी २७ अंश तापमान धरतात. ती सोय नसेल तर निदान सकाळी तोललेला नमुना दुपारच्या नमुन्याशी ताडू नये.

तिसरी गोष्ट खळीची. बीमावरून, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरून, काढलेल्या ताण्याला खळ लागलेली असते. सुताच्या वजनाच्या दहा टक्के खळ असेल तर २० चं सूत १८.२ चं दिसेल आणि विनाकारण गिरणीवर आळ येईल. नमुना गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून, वाळवून मग मोजावा.

चौथी चूक पॉलिएस्टरमुळे आली. फिलामेंट, म्हणजे सलग अखंड, धाग्याचं माप डेनिअरमध्ये असतं: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. इथे आकडा वाढला की धागा जाड होतो, काउंटच्या बरोबर उलट. ५,३१५ ला डेनिअरने भागलं की कापसाचा काउंट मिळतो. १५० डेनिअर म्हणजे साधारण ३५ काउंट. टेक्स असेल, म्हणजे १,००० मीटरचं ग्रॅममध्ये वजन, तर ५९०.५ ला भागायचं. चादरीच्या जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) रंगीत नक्षीसाठी कापसाजागी पॉलिएस्टर घेणाऱ्यांनी ही दोन भागाकारं भिंतीवर लिहून ठेवावीत.

कायद्याने काउंटला आजही जागा दिली आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम ८१ नुसार कारखान्यात बनलेल्या आणि बंडलांनी विकल्या जाणाऱ्या सुती धाग्याच्या प्रत्येक बंडलावर वजन आणि काउंट छापावा लागतो. हातमागासाठी हँकच्या रूपात सूत देण्याचं बंधन सूतगिरण्यांवर आहे. ते आधी ५० टक्के होतं, २००३ मध्ये ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्क्यांवर आलं. त्यातही ८० टक्के सूत ८० काउंट किंवा त्याखालचं असावं असा नियम आहे. हातमागवाल्याला लागणारं बहुतेक सूत याच पट्ट्यात येतं, म्हणून ही अट महत्त्वाची.

फणीचा काउंट समजायला सोपा, पण फसवा. स्टॉकपोर्ट पद्धतीत दोन इंचांत फणीची किती घरं, म्हणजे फटी, आहेत ते मोजतात. ४८ ची फणी म्हणजे दोन इंचांत ४८ घरं, इंचाला २४. एका घरात दोन ताणे भरले की इंचाला ४८ ताणे होतात आणि फणीचा आकडा तोच ताण्यांचा आकडा ठरतो. पण हे जमतं ते दोन-दोन भरलं तरच. घरात एक किंवा तीन ताणे भरणाऱ्याने हाच सरळ हिशेब धरला तर सगळा अंदाज कोलमडतो. कापड मागावरून उतरल्यावर पन्ह्यात आटतं, त्यामुळे तयार मालात इंचाला ताणे फणीपेक्षा थोडे जास्तच भरतात.

बेडशीटच्या पाकिटावरचा ‘थ्रेड काउंट’ याच मोजणीचा पुढचा अवतार: एका चौरस इंचातले ताणे आणि बाणे यांची बेरीज. दुहेरी सूत हा एकच धागा धरायचा असतो. पदर वेगवेगळे मोजून तीनशेचे सहाशे करणारे आहेत, म्हणून मोठा आकडा दिसला की सूत एकेरी आहे का दुहेरी ते विचारावं. टेरी टॉवेलला हा आकडा लावूच नये. तिथे उभ्या फंद्यांत किती सूत गेलंय ते महत्त्वाचं, आणि ते जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरमागच्या ग्रॅममध्ये कळतं.

राहिला रक्तातला काउंट. मशीन येण्याआधी तो कोष्टकं कोरलेल्या काचेवर मोजायचे, आणि शंका आली तर आजही मोजतात. पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीसपट पातळ करायचं, त्या काचेच्या, म्हणजे न्यूबाउअर चेंबरच्या, चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि पन्नासने गुणायचं. ११० पेशी दिसल्या तर काउंट घन मिलिमीटरमागे ५,५००. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० चालतं. प्लेटलेटचा नेहमीचा पल्ला दीड ते साडेचार लाख. इथेही ‘कशात?’ हा प्रश्न सुटत नाही. एक लॅब १.५ लाख छापते, दुसरी १५०, आणि दोन्हींचा अर्थ एकच. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा हजारांत असतो. ‘दीडशेवर आला’ म्हणून घाबरून पळापळ करण्याआधी आकड्याशेजारचं एकक वाचावं.

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं. काही जणांच्या रक्तात त्यामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून धरत नाही आणि काउंट खोटाच कमी येतो. ताप नाही, रक्तस्राव नाही आणि तरी आकडा अचानक पन्नास हजार आला, तर काचपट्टीवर गठ्ठे दिसतात का ते पाहायला सांगावं आणि सायट्रेट हे गोठू न देणारं दुसरं रसायन असलेल्या नळीत पुन्हा रक्त द्यावं. त्या नळीत रक्त नऊ भाग आणि द्रव एक भाग असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. डेंग्यूमध्ये एकट्या प्लेटलेटवर नजर ठेवून भागत नाही. प्लेटलेट झपाट्याने घसरत असताना हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वर चढत असेल तर ती धोक्याची खूण असते, आणि असा रिपोर्ट दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचा असतो.