जिओपॉलिमर (राखडीचे बंधक)

औष्णिक वीजकेंद्रातील राखड (फ्लाय ॲश) आणि लोखंडाच्या झोतभट्टीतील दळलेला स्लॅग (धातुमळी) यांवर तीव्र अल्कलीची क्रिया घडवून मिळणारा, सिमेंटऐवजी वापरता येणारा बंधक पदार्थ. स्लॅग आणि अल्कली यांच्या मिश्रणावर 1950 च्या दशकात कीव्ह येथे व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी काम केले. ‘जिओपॉलिमर’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस रूढ केले.

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजावी लागते. एक टन शुद्ध चुनखडीतून इंधनाचा धूर सोडूनही 440 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राखड मात्र भट्टीतून आधीच भाजून आलेली असते. भारतीय कोळशात 30 ते 45 टक्के राख असल्याने विदर्भात तिला तोटा नाही. चंद्रपूर (2920 मेगावॅट), कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस, तिरोडा ही केंद्रे ती रोज बाहेर टाकतात. कोराडीजवळ खसाळ्याचा राख बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला तेव्हा ही राखड शेतांत आणि नाल्यांत पसरली. ती कामाला लागणे ही या भागाची गरज आहे.

आगीपुढे टिकणे हा या पदार्थाचा खरा गुण. साध्या सिमेंटमध्ये तयार झालेला विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) 400 ते 500 अंशांच्या दरम्यान फुटून पाणी सोडतो आणि त्याचा कळीचा चुना होतो. नंतर पाऊस पडला की तोच चुना पाणी पिऊन फुगतो आणि काँक्रीट भुगा होऊन निघते. गावच्या स्मशानभूमीतील दहन ओटा दोन-तीन पावसाळ्यांत उखडतो तो यामुळे. लाकडाच्या ज्वाळेचे तापमान 800 अंशांच्या वर जाते. कमी चुन्याच्या राखडीपासून केलेल्या जिओपॉलिमरमध्ये हा चुना जवळपास नसतोच, म्हणून दहन ओट्याच्या फरश्या, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा काठ, पोहा भट्टीचे तोंड, घरची चूल ही त्याची योग्य जागा. स्लॅग जास्त घातला तर हा गुण जातो. आगीसमोरच्या कामात स्लॅग बंधकाच्या 10 टक्क्यांच्या आसपासच ठेवावा.

सर्वाधिक फसगत राखडीच्या निवडीत होते. वीजकेंद्राच्या राख तळ्यातली ओली राखड फुकट मिळते, पण तिच्यात भट्टीच्या तळाची जाड राख मिसळलेली असते आणि ती नीट बांधत नाही. लागते ती सायलोतली (केंद्राच्या बंद साठवण टाकीतली) कोरडी, बोटांत पिठासारखी लागणारी राखड. आय.एस. 3812 या भारतीय मानकानुसार 45 मायक्रॉनच्या चाळणीवर 34 टक्क्यांपेक्षा जास्त उरू नये, आणि जळून उडणारा भाग 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. काळपट राखडीत न जळलेला कोळसा असतो. तो अल्कलीचे द्रावण शोषून घेतो. स्लॅगही पाण्याने एकदम थंड करून दळलेलाच हवा. स्पंज आयर्न किंवा इंडक्शन भट्टीचा कचरा इथे चालत नाही.

60 × 60 × 7.5 सेंमीच्या एका फरशीसाठी राखड 10 किलो, स्लॅग 1 किलो, काळ्या दगडाची 10–12 मिमी गिट्टी 32 किलो, दगडाची चुरी 16 किलो, सोडियम सिलिकेट 2.8 किलो आणि कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइड) द्रावण 1.1 किलो (290 ग्रॅम कॉस्टिक फ्लेक्स, 810 ग्रॅम पाणी) असे माप ठेवावे. नदीची वाळू टाळावी. तिच्यातले गारगोटीचे कण 573 अंशांना रूप बदलून फुगतात. पश्चिम विदर्भाचा बेसाल्ट या बाबतीत सरस आहे.

कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे टाकावे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. द्रावण उकळायला लागेल इतके तापते, म्हणून ते आदल्या दिवशी करून थंड होऊ द्यावे. भांडे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे. ॲल्युमिनियमचे पातेले विरघळते आणि त्यातून हायड्रोजन निघतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. शिंतोडा उडालाच तर 15-20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, आणि डोळ्यात गेला असेल तर धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

थंड द्रावणात सिलिकेट मिसळून ते कोरड्या मालावर ओतावे. माल घट्ट आणि चिकट वाटतो. गवंड्याचा हात इथे पाण्याच्या डब्याकडे जातो. पण एका फरशीला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पाणी दिले की ताकद पडते. साच्याला तेल लावून माल भरावा, ठोकून हवा काढावी आणि प्लास्टिकने झाकावे. पाणी मारायचे नाही. सिमेंटची ही सवय इथे मालाचे नुकसान करते, कारण अल्कली धुऊन जाते. राखडीला ऊब हवी: 60 ते 80 अंश, सुमारे 24 तास. उन्हाळ्यात काच लावलेली काळ्या पत्र्याची पेटी दोन-तीन दिवस उन्हात ठेवून हे साधते. मे महिन्यात मिश्रण पहाटे करावे, दुपारच्या उन्हात ते घमेल्यातच धरू लागते. डिसेंबरच्या थंडीत साचा सोडण्याची घाई करू नये.

फरशीवर पांढरा लोणा फुटला तर अल्कली किंवा पाणी जास्त झाले असे समजावे. फरश्या बसवताना 6–8 मिमी फट ठेवून कोरड्या राखडीने भरावी, तापणाऱ्या बाजूजवळ सळई घालू नये. पहिली आग 28 दिवसांनी, हलकी आणि हळू चढणारी असावी; अडकलेली वाफ एकदम निघाली तर पापुद्रे उडतात.

कार्बनची बचत सगळी फुकट मिळत नाही. कॉस्टिक आणि सिलिकेट बनवायलाही बरीच ऊर्जा लागते, त्यामुळे सिलिकेट जितके कमी तितका हिशेब चांगला. गोंदिया-भंडाऱ्याच्या गिरण्यांतील धानाच्या तुसाची राख बहुतांशी सिलिका असते आणि कॉस्टिकमध्ये उकळून तिचे सिलिकेट करता येते. मात्र ती 700 अंशांच्या आत जळालेली हवी. बॉयलरमध्ये जास्त तापलेली राख नीट विरघळत नाही.

आय.एस. 17452 (2020) हे मानक अशा काँक्रीटच्या साच्यातील वस्तूंपुरते मार्गदर्शन करते. घराचा स्लॅब, कॉलम, बीम यांत गावपातळीवर हा माल वापरू नये. तिथे राखडमिश्रित पी.पी.सी. सिमेंटच घ्यावे. भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेले एल.सी.3 सिमेंट (आय.एस. 18189, 2023) कार्बन कमी करते, पण त्यात क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) निम्म्याच्या आसपास असतोच, ते आगीसाठी नाही.