लाईट दहा मिनिटं जाते, पाणी दिवसभर का जातं?

‘वीजपुरवठा खंडित झाल्याने उद्या पाणीपुरवठा उशिराने व कमी दाबाने होईल.’ ही ओळ न वाचलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती आली की पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: एवढी मोठी यंत्रणा, एक जनरेटर ठेवता येत नाही? आपल्या लिफ्टला आहे की!

आधी त्या जनरेटरचा हिशोब उरकून टाकू. समजा, 1 मीटर व्यासाची, 10 किलोमीटर लांबीची रायझिंग मेन (पंपापासून उंचावरच्या टाकीपर्यंत पाणी चढवणारी जलवाहिनी) आहे, पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललंय आणि घर्षण धरून उपसा 100 मीटरचा आहे. एवढ्याला साधारण दीड मेगावॅट वीज लागते. डिझेलवर चालवायचं तर तासाला चारेकशे लिटर. शिवाय मोटर थेट सुरू केली तर पहिले काही सेकंद नेहमीच्या सहापट करंट ओढते, म्हणून जनरेटर गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो किंवा मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवावा लागतो. त्यामुळे मोठ्या पंप हाऊसला शक्यतो दोन वेगळ्या सबस्टेशनांतून एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त त्यांच्यासाठीची थेट वीजवाहिनी, घेतात. डीजी सेट (डिझेल जनरेटर) असलाच तर दिवे, क्रेन आणि व्हॉल्व्हच्या मोटारींपुरता.

पण पंप बंद राहणं हा दुखण्याचा छोटा भाग. पंप एकदम बंद *पडणं* हे खरं दुखणं, आणि ते दिसायला फार सुंदर आहे.

वरच्या पाइपात सुमारे 7,850 टन पाणी मावतं. कोळशाने भरलेली मालगाडी पाचेक हजार टनांची धरली तर दीड मालगाडी झाली, आणि ती माणसाच्या चालीने निघाली आहे. लाईट गेली की पंप काही सेकंदांत थांबतो. पाणी कसं थांबेल? ते पुढेच पळतं. पंपाजवळ ओढ बसते, दाब कोसळतो, आणि ही ‘दाब गेला’ची वर्दी सेकंदाला साधारण 1,000 मीटर वेगाने पाइपातून वर धावते. 10 सेकंदांत टाकीपाशी, तिथून उलटून 20 सेकंदांत परत पंपाशी.

दाब किती बदलतो याचं गणित निकोलाय झुकोव्स्कीने 1897-98मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून मांडलं. (पुढे हाच माणूस रशियन विमानविद्येचा जनक म्हणून ओळखला गेला.) पाण्याच्या वेगातला बदल गुणिले तरंगाचा वेग, भागिले गुरुत्वत्वरण. म्हणजे 1.5 × 1,000 ÷ 9.8, सुमारे 153 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. आपला उपसाच 100 मीटरचा! मग वजाबाकी केल्यावर काय उरतं? पाइप जिथे टेकाडावरून जातो तिथे दाब इतका उतरतो की थंडगार पाणी उकळतं. खरोखर वाफ होते, पाण्याचा स्तंभ तुटतो आणि मधे पोकळी राहते. पातळ पत्र्याचा पाइप अशा वेळी आत चेपतो. मग पुढे गेलेलं पाणी माघारी येतं, पोकळी मिटते, आणि दोन स्तंभ एकमेकांवर आदळतात. तो धडाका म्हणजे जलाघात. जुना जोड तिथेच सुटतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘जलवाहिनी फुटली’ असं येतं.

यावरचे उपाय मला जनरेटरपेक्षा कितीतरी हुशार वाटतात, कारण त्यांना वीज लागतच नाही. पंपाच्या शाफ्टवर जड चाक बसवायचं. पिठाच्या गिरणीतल्या जुन्या इंजिनाला असायचं तसंच. पंप दमादमाने थांबतो. किंवा पाइपाला एअर व्हेसल जोडायचं: खाली पाणी, वर दाबलेली हवा. दाब पडला की हवा आतलं पाणी पाइपात ढकलते, लाट परतली की तेच पाणी पोटात घेते. काही ठिकाणी व्हॉल्व्हच्या दांड्याला भलंमोठं वजन असतं, ते तेलाच्या दाबाने उचलून धरलेलं. लाईट गेली की तेल सुटतं, वजन खाली येतं आणि व्हॉल्व्ह आधी भरभर, मग शेवटचा भाग हळूहळू मिटतो. गुरुत्वाकर्षणाचं लोडशेडिंग होत नाही.

नियंत्रणाला मात्र वीज लागतेच. ब्रेकर (वीज तोडणारा मोठा स्विच) पाडायलाही कॉइलला वीज हवी, आणि ती नेमकी लाईट नसताना! ती येते एका कोपऱ्यातल्या खोलीतून: 2 व्होल्टचे 55 सेल, एकूण 110 व्होल्ट डीसी. पीएलसी (पंप चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सम्पची, म्हणजे पंपाला पाणी देणाऱ्या हौदाची, पातळी सांगणारा सेन्सर, पुढच्या ठाण्याशी बोलणारा संदेश, सगळ्यांची मदार बॅटरीवर. जायकवाडीचं पाणी ढोरकीन, फारोळा, नक्षत्रवाडी असं टप्प्याटप्प्याने छत्रपती संभाजीनगरात पोचतं. अशा साखळीत पुढचं ठाणं पडलं आणि मागच्याला कळलंच नाही, तर सम्प वाहू लागतो. खंडेनवमीला पॅनेलला झेंडूचा हार पडतो, मिरची-लिंबू वर्षभर लटकतं; सेलमध्ये डिस्टिल वॉटर घालायचं मात्र राहून जातं. हल्ली ‘एआय-आधारित स्मार्ट पंपिंग’च्या जाहिराती येतात. त्या एआयलाही याच 55 सेलांवर जगायचंय.

लाईट आली की बटण दाबायचं, एवढं तरी सोपं असावं? तेही नाही. शेतात ऑटोस्विचमुळे सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते, म्हणून महावितरण ते काढा म्हणून कानीकपाळी ओरडत असतं. पंप हाऊसला एकाच वेळी करंट ओढायची भीती तर आहेच, शिवाय पाइपातलं पाणी अजून हिंदकळत असतं. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट बसला नसेल तर पंप उलटा फिरत असतो. त्याला तसाच सुलट झटका दिला तर शाफ्ट पिळतो.

एका तालुक्याच्या योजनेवर मी हे पाहिलंय. लाईट अकरा मिनिटांनी आली. ऑपरेटरने पॅनेलकडे पाहिलंही नाही. प्रेशर गेजचा काटा डुलत होता, तो डबा उघडून भाकरी खात बसला.

“काका, लाईट आली ना?”

“आमची आली. पाण्याची यायचीय.”

काटा थांबल्यावर त्याने हात धुतले, पाइपावर तळवा ठेवला आणि पहिला पंप लावला, तोही व्हॉल्व्ह जेमतेम उघडून. बाहेर टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. पाइपात शिरलेली हवा निघत होती. दुसरा पंप त्याने पाऊण तासाने लावला.