गाठ इतकी टणक का लागते?

नाशिकमध्ये स्तनाच्या कर्करोगावर बोलायला उभे राहिले, की ‘गाठ इतकी टणक का लागते?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्यापाठोपाठ गाठ ‘विरघळवणाऱ्या’ लेपाचीही चौकशी होते.

कर्करोगाच्या पेशी दाटीने वाढतात म्हणून गाठ टणक होते, असा समज आहे. प्रत्यक्षात हा टणकपणा बहुतांशी भोवतीच्या संयोजी, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशींनी विणलेल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. या पेशी कर्करोगाच्या नव्हेत, जखमा भरून काढणाऱ्या आपल्याच पेशी आहेत. त्वचा कापली गेली, की त्या जाग्या होतात, कोलॅजेन तयार करतात, जखमेच्या कडा आकसून जवळ आणतात आणि मग निवृत्त होतात. गाठीत हे काम संपतच नाही. म्हणूनच विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये अशा गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले.

यातील यंत्रणा विलक्षण आहे. कर्करोगाच्या पेशी टीजीएफ-बीटा हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे फायब्रोब्लास्टमध्ये आकुंचन पावणारे तंतू तयार होऊन त्या भोवतालचे कोलॅजेन ओढू लागतात. लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) कोलॅजेनचे तंतू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जखडते. ऊती ताठर झाल्याचे पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन प्रथिनांना जाणवते, पेशीचा आतला सांगाडा ताणला जातो आणि याप नावाचे प्रथिन केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करते. हे कर्करोगाच्या पेशीत घडते, तसेच फायब्रोब्लास्टमध्येही घडते. शिवाय त्या ओढीने ऊतीत निष्क्रिय अवस्थेत साठलेले टीजीएफ-बीटाही मोकळे होते, म्हणजे ताठरपणातूनच आणखी ताठरपणा जन्मतो. पुढे हे तंतू गाठीच्या कडेला सरळ रेषेत लागतात आणि मांडवाच्या तारेवरून द्राक्षवेल सरकावी, तशा कर्करोगाच्या पेशी त्यांच्या आधाराने बाहेर पडतात.

त्वचेवरचा लेप किंवा मालिश हे बंध सोडवू शकत नाही. त्यात उपचाराचे मोलाचे महिने मात्र जातात. प्रत्येक टणक गाठ कर्करोगाची नसते आणि मऊ गाठ निर्धोक असतेच असे नाही, म्हणून तपासणी आणि गरजेप्रमाणे बायॉप्सी करून घ्यावीच लागते.

मग फायब्रोब्लास्टच नष्ट केले तर? स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीचा मोठा भाग याच आधार-ऊतीचा असतो. २०१४ मध्ये उंदरांतील अशा गाठींमधून या पेशी काढून टाकल्या, तेव्हा कर्करोग अधिकच आक्रमक झाला. याचा अर्थ, यांतील काही पेशी कर्करोगाला अडवूनही धरतात. त्यामुळे त्यांना सरसकट मारण्याऐवजी पुन्हा शांत अवस्थेत नेता येईल का, याचा शोध आता घेतला जात आहे.